कारचा अ‍ॅम्प आवाजच देत नाहीये? नवीन घ्यायच्या आधी एक मीटर आणि एक जुना बल्ब घेऊन एवढं तपासा

स्टीरिओ चालू आहे, गाणं स्क्रीनवर पुढे सरकतंय आणि आवाज शून्य, किंवा दारातले स्पीकर नीट वाजतायत पण डिकीतला वूफर एकदम गप्प. अशा वेळी पहिलं वाक्य ठरलेलं असतं, अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर, स्टीरिओचा सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा डबा) उडाला वाटतं. दुकानातही बऱ्याचदा हेच सांगतात, कारण नवीन अ‍ॅम्प जोडून देणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि सीट काढून, कार्पेट उचलून एक एक वायर बघत बसणं अख्ख्या दुपारचं. मी हे काम हौसेने करतो, घरच्या, मित्रांच्या, बिल्डिंगमधल्या गाड्या बघतो, आणि माझा अनुभव असा आहे की अ‍ॅम्प खरोखर आतून जळालेला फार कमी वेळा निघतो. बाकी वेळी गंजलेला ग्राउंड बोल्ट, बघायला चांगला पण आतून सुटलेला फ्यूज, रिमोटची बारीक वायर, उंदराने कुरतडलेला तुकडा, किंवा स्टीरिओमधलं एखादं सेटिंग, असंच काहीतरी असतं. म्हणून कळकळीने सांगतो, पैसे खर्च करायच्या आधी एक दुपार द्या.

आधी सामान. डिजिटल मल्टीमीटर, अगदी साधा चालेल. ८ आणि १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपरचा तुकडा, टॉर्च, अ‍ॅम्पवर आहेत त्याच अँपिअरचे एक दोन जादा फ्यूज, घड्याळात टाकतो तसला १.५ व्होल्टचा सेल, मोबाईलच्या हेडफोन जॅकमधून आरसीएला, म्हणजे स्टीरिओकडून अ‍ॅम्पला गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या गोल पिनांना, जाणारी केबल (फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा कन्व्हर्टर), आणि हेडलाइटचा एक जुना एच-फोर बल्ब. बल्ब हसण्यावारी नेऊ नका. कुठल्याही गॅरेजमध्ये असे एक फिलामेंट गेलेले बल्ब पडलेले असतात, दुसरं फिलामेंट चांगलं असतं. चांगल्या फिलामेंटच्या पिनेला आणि कॉमन पिनेला अर्धा अर्धा मीटर वायर सोल्डर करून घ्या. हा बल्ब जे दाखवतो ते मीटर दाखवू शकत नाही, का ते पुढे येईलच.

काम सुरू करायच्या आधी अ‍ॅम्पचे फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठे आहे आणि प्रत्येक नॉब, प्रत्येक स्विच कुठे आहे ते सगळं. कुठलीही जाड वायर सोडायची किंवा जोडायची असेल तेव्हा बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी काढा. अ‍ॅम्प चालू असताना आरसीए पिना ओढू नका आणि घालू नका. फ्यूजच्या जागी वायर किंवा चांदीचा कागद लावून बघू नका, अगदी एक मिनिटासाठीपण नाही, बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर देऊ शकते आणि ती वायर सीटच्या फोमला चिकटून गेलेली असते. इंजिन चालू ठेवून बघायची वेळ आली तर गाडी मोकळ्यावर घ्या, बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये नको.

आता तपासणी. मी नेहमी करंट ज्या रस्त्याने येतो त्याच रस्त्याने जातो, बॅटरी, फ्यूज, अ‍ॅम्प, मग सिग्नल, मग स्पीकर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर नक्की काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि महिन्याभराने तोच प्रॉब्लेम परत येतो.

सगळ्यात आधी अ‍ॅम्पवरची लाइट बघा. लाइटच नाही, लाल लाइट म्हणजे प्रोटेक्शन, किंवा हिरवी निळी लाइट आहे पण आवाज नाही, या तीन वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि तिघांचा रस्ता वेगळा आहे. काही अ‍ॅम्पमध्ये एकच लाइट असते आणि ती रंग बदलते किंवा लुकलुकते, तेही नीट बघून घ्या.

लाइटच लागत नाही

अ‍ॅम्पला जिवंत व्हायला तीन वायर लागतात, बॅटरीकडून येणारी जाड प्लस, बॉडीला जाणारी जाड ग्राउंड, आणि स्टीरिओकडून येणारी बारीक रिमोट वायर, जी अ‍ॅम्पला चालू हो म्हणून सांगते. यातली एक जरी नसली तर अ‍ॅम्प मेल्यासारखा पडून राहतो.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक अ‍ॅम्पच्या प्लस टर्मिनलच्या स्क्रूवर, काळं टोक अ‍ॅम्पच्याच ग्राउंड टर्मिनलच्या स्क्रूवर. गाडीच्या बॉडीला नाही, अ‍ॅम्पच्या टर्मिनललाच लावायचं. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.४ ते १२.६ दाखवते, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. आकडा आला तर पुढे चला. नाही आला तर लाल टोक तिथेच ठेवून काळं टोक जवळच्या उघड्या लोखंडाला लावा. आता १२ दाखवलं म्हणजे प्लस वायर चांगली आहे, ग्राउंड तुटलाय. आताही शून्य म्हणजे प्लसच येत नाहीये, मग बॉनेट उघडा.

बॉनेटमध्ये बॅटरीजवळ अ‍ॅम्पच्या वायरचा मोठा फ्यूज असतो, निदान असायलाच पाहिजे, बॅटरीपासून साधारण ४५ सेंटीमीटरच्या आत. तो फ्यूज काढून डोळ्याने बघण्यापेक्षा जागेवरच मीटरने तपासा. काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल टोक फ्यूजच्या एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे १२ पाहिजे. एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला शून्य, तर फ्यूज किंवा होल्डर गेला. काचेच्या नळीतला फ्यूज असेल तर तो खूप फसवतो, आतली पट्टी अखंड दिसते पण टोपीच्या आतला सोल्डर गरम होऊन सुटलेला असतो, बघून कळतच नाही. मग अ‍ॅम्पवरचे पात्याचे फ्यूज तपासा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा पारदर्शक, ३० चा हिरवा. जो आकडा आहे तोच परत लावायचा, ३० उडतोय म्हणून ४० लावायचा नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, नवीन बॅटरी बसवल्यावर वूफर बंद झाला असेल तर बाकी काही करायच्या आधी बॅटरीचं प्लस टर्मिनल बघा. आमच्या शेजारच्या काकांची गाडी अशीच आली होती, अ‍ॅम्प गेला असं त्यांना सांगण्यात आलं होतं आणि ते नवीन घ्यायला निघालेच होते. बॉनेट उघडलं तर अ‍ॅम्पच्या जाड वायरचं थिंबल (टोकाची धातूची रिंग) बॅटरी बदलताना काढलेलं होतं आणि परत लावायचंच राहिलं होतं, टेप गुंडाळून बाजूला खोचलेलं. एक नट आवळला आणि काम झालं.

फ्यूज चांगला असून प्लस येत नसेल तर वायर जिथून केबिनमध्ये शिरते तिथला रबरी ग्रोमेट बघा, तिथे पत्र्याच्या धारेवर घासून इन्सुलेशन कापलं जातं. आणि पावसाळ्यात उंदीर. बॉनेटमध्ये ऊब मिळते म्हणून ते येतात आणि वायर कुरतडतात, हे आपल्याकडे इतकं कॉमन आहे की जून ते ऑक्टोबरमध्ये माझी टॉर्च आधी तिकडेच जाते. कुरतडलेल्या वायरला नुसती टेप मारून सोडू नका, तेवढा तुकडा कापून नीट क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून जोडा) आणि वरून हीट श्रिंक नळी चढवा.

ग्राउंड, ज्याकडे कोणी बघत नाही

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण निम्म्या भानगडी इथून सुरू होतात. प्लसची वायर सगळे नीट टाकतात, मोठ्या गेजची (जाडीची) घेतात, आणि ग्राउंड मात्र जो बोल्ट जवळ दिसेल त्याच्याखाली दाबून मोकळे होतात. त्या बोल्टखाली रंग असतो, प्रायमर असतो, कधी सीलंट असतं, आणि करंटला तो रंग म्हणजे भिंत आहे. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांमधून थोडा करंट जातो म्हणून अ‍ॅम्प वाजतो, मग तिथे गंज धरतो, रेझिस्टन्स वाढतो, जास्त बेस आला की अ‍ॅम्प बंद पडून परत चालू होतो आणि एक दिवस लागतच नाही.

आता तो बल्ब घ्या. मीटरला व्होल्टेज दाखवायला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे वायरचा एकच तार टेकलेला असला तरी मीटर खुशाल १२.५ दाखवतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. बल्ब मात्र साडेचार अँपिअरच्या आसपास खेचतो. बल्बची एक वायर अ‍ॅम्पच्या प्लस टर्मिनलला, दुसरी ग्राउंड टर्मिनलला लावा. हेडलाइटसारखा लख्ख पेटला आणि मीटरवरचा आकडा फार हलला नाही तर दोन्ही वायरी करंट वाहून नेतायत. बल्ब मिणमिणला किंवा आकडा १२.५ वरून ९ वर आला तर कुठेतरी जोड कच्चा आहे. कुठला ते शोधायला बल्ब पेटलेला असतानाच मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं अ‍ॅम्पच्या ग्राउंडला लावा, मीटरची वायर लांबवायला लागेल पण लांबवा. इथे ०.१ व्होल्टच्या आत आलं तर उत्तम, अर्धा व्होल्ट किंवा जास्त आलं तर ग्राउंड खराब. तसंच बॅटरीच्या प्लसपासून अ‍ॅम्पच्या प्लसपर्यंत मोजा, म्हणजे तो रस्ता कळेल. बल्ब खूप तापतो, हातात किंवा सीटवर ठेवू नका, लोखंडी पान्यावर वगैरे ठेवा.

ग्राउंड परत करायचा तर असा करा. बॉडीचा जाड पत्रा निवडा, सीटबेल्टचा बोल्ट कधीच वापरू नका, तो जीव वाचवणारा बोल्ट आहे, त्याच्या मध्ये थिंबल घालून त्याची पकड बदलायची नाही. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने घासा, लोखंड चकाकेपर्यंत. थिंबल क्रिंप केलेलं पाहिजे, नुसते तार पिळून बोल्टखाली नकोत, आणि मध्ये दातेरी वॉशर टाका. वायर प्लसच्याच गेजची आणि शक्य तितकी आखूड, अर्धा मीटर खूप झाला. आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा म्हणजे कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेत गंजणार नाही. छिद्र पाडायला लागलं तर खाली पेट्रोलची टाकी, ब्रेकचा पाइप काय आहे ते गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका.

वायरचाही एक मुद्दा आहे. बाजारात स्वस्त किटमध्ये मिळते ती वायर बऱ्याचदा वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी असते, तिचा रेझिस्टन्स अस्सल तांब्याच्या दीडपटीच्या आसपास जातो. एक तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी निघाला तर अ‍ॅल्युमिनियम, आत लाल निघाला तर तांबं, मग बाहेरून कथिल चढवलेलं चंदेरी असलं तरी हरकत नाही. हिशोब सोपा आहे, ५०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत तेवढी ताकद देणारा) क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अ‍ॅम्प ८० टक्के एफिशियन्सी धरली तर पूर्ण जोरात १३.८ व्होल्टवर ४५ अँपिअर ओढतो, तेवढा करंट पातळ वायरमधून आला तर व्होल्टेज पडणारच आणि अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जाणारच.

रिमोट वायर

स्टीरिओच्या मागून येणारी निळी, पांढऱ्या पट्ट्याची बारीक वायर. स्टीरिओ चालू केल्यावर हिच्यावर १२ व्होल्टच्या आसपास यायला हवेत आणि बंद केल्यावर शून्य. अ‍ॅम्पच्या रिमोट टर्मिनलवर मोजा. नसेल तर वायरचा छोटा तुकडा घेऊन अ‍ॅम्पच्या प्लस टर्मिनलवरून रिमोट टर्मिनलला क्षणभर टेकवा, ग्राउंडला चुकून लागू देऊ नका. लाइट लागली, आवाज आला, तर अ‍ॅम्प ठणठणीत आहे आणि दोष रिमोट वायरचा आहे. पण तो तुकडा तसाच कायम जोडून ठेवायचा मोह टाळा. अ‍ॅम्प मग रात्रंदिवस चालू राहतो, नुसता बसून अर्धा ते एक अँपिअर खातो, लहान गाडीत ३५ अँपिअर अवरची बॅटरी असते, दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागणार नाही.

एक गंमतीशीर वाटणारी पण खरी तक्रार असते, एफएम लावलं की वूफर वाजतो आणि ब्लूटूथ किंवा पेनड्राइव्ह लावलं की बंद. म्हणजे अ‍ॅम्पची रिमोट नुसत्या निळ्या वायरला जोडली आहे. ती पॉवर अँटेनाची वायर, अनेक स्टीरिओत ती फक्त रेडिओवर असतानाच १२ व्होल्ट देते. निळ्या-पांढऱ्या वायरवर घ्या, झालं. आणि या वायरवरून पंखा, एलईडी पट्टी, दुसरा तिसरा अ‍ॅम्प असं काही चालवू नका, तिची ताकद काही शे मिलिअँपिअरचीच असते, जास्त लोड असेल तर मध्ये रिले टाका.

कंपनीच्या स्टीरिओला अशी वायर बऱ्याचदा नसते. तिथे स्पीकरच्या वायरी थेट अ‍ॅम्पच्या हाय लेव्हल इनपुटला देतात आणि अ‍ॅम्प आपोआप जागा होतो, कारण स्टीरिओ चालू झाला की त्याच्या स्पीकर वायरींवर बॉडीच्या तुलनेत साधारण ६ व्होल्ट डीसी येतो आणि अ‍ॅम्प तो ओळखतो. तुमचा अ‍ॅम्प असा असेल तर त्याच्यावरचा ऑटोचा स्विच कोणी हलवलाय का बघा. असा अ‍ॅम्प नसेल तर फ्यूज बॉक्समधून चावी फिरवल्यावर चालू होणारी लाइन १ किंवा २ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्या.

लाल लाइट, म्हणजे प्रोटेक्शन

अ‍ॅम्प इथे मेलेला नाहीये, त्याला काहीतरी खटकतंय म्हणून त्याने स्वतःला थांबवलंय. बंद करा, सगळ्या स्पीकर वायरी आणि सगळ्या आरसीए काढा, फक्त प्लस, ग्राउंड, रिमोट ठेवून चालू करा. लाल गेली आणि हिरवी आली तर दोष बाहेर आहे. बंद करून एक स्पीकर जोडा, चालू करा, परत बंद, दुसरा जोडा, असं करत जा, ज्या जोडीला लाल येईल तिथे गुन्हेगार. आरसीएपण शेवटी तसंच एकेक.

संशयित स्पीकरच्या दोन्ही वायरी अ‍ॅम्पकडून सुट्या करून मीटर ओहमवर ठेवा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ च्या आसपास दाखवतो, ते बरोबर आहे. एकच्या खाली आला तर कॉइल किंवा वायर शॉर्ट, काहीच नाही आलं तर तुटलेली. मग प्रत्येक वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात मोजा, तिथे काहीच जोडणी दिसता कामा नये. दिसली तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकलीये, आणि ती जागा बहुतेक वेळा दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत असते, दार उघडझाप करून करून वायर तिथेच तुटते, किंवा काच वर खाली करायच्या मोटरजवळ घासते.

डबल कॉइलचा वूफर असेल तर हिशोब करून बघा. ४ अधिक ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या की २ ओहम, सिरीजमध्ये ८ ओहम. असे दोन वूफर सगळे समांतर जोडले तर १ ओहम, आणि अ‍ॅम्प २ ओहमपर्यंतचाच असेल तर तो थोडा वेळ वाजून लाल होणार. फोर चॅनलचा अ‍ॅम्प ब्रिज केला (दोन चॅनल एकत्र करून एकच स्पीकर चालवला) की बहुतेकांना किमान ४ ओहम लागतात. ब्रिज केलेल्या आउटपुटची कुठलीही वायर बॉडीला लावायची नसते, दोन्ही जिवंत असतात.

सगळं काढूनही लाल आहे? मग परत व्होल्टेज आणि ग्राउंड बघा, यावेळी लाइट लागत असतानाच मोजा, १०-११ च्या खाली जात असेल तर अ‍ॅम्प त्यामुळेच थांबतोय. अ‍ॅम्पच्या बॉडीला हात लावा, चटका बसत असेल तर गरमीने बंद झालाय, मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत सीटखाली कार्पेटमध्ये गुंडाळलेला अ‍ॅम्प दुसरं काय करणार, थंड होऊ द्या आणि चारी बाजूंनी हवा लागेल असा बसवा. थंड आहे, व्होल्टेज बरोबर आहे, काहीही जोडलेलं नाही आणि तरी लाल, तर मग आतलं काम आहे.

लाइट बरोबर आहे पण आवाज नाही

इथे आधी फुकटातल्या गोष्टी. स्टीरिओच्या सेटिंगमध्ये जा, सबवूफर ऑफ झालाय का, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरची वाटणी) पूर्ण पुढे आहे का, मागची आरसीए फुल रेंज आणि सबवूफर यात कशावर आहे ते बघा. बॅटरी काढली होती का आठवा, बऱ्याच स्टीरिओंची सेटिंग त्याने पुसली जातात आणि सबवूफर परत ऑफ होतो. अ‍ॅम्पवर फिल्टरचा स्विच बघा, दारातल्या स्पीकरच्या चॅनलला लो पास (फक्त जाड आवाज सोडणारा) लागलेला असेल आणि नॉब ५० हर्ट्झवर असेल तर माणसाचा आवाज ऐकूच येणार नाही, वूफरला हाय पास (फक्त बारीक आवाज सोडणारा) लागलेला असेल तर तोही गप्पच. फोर चॅनलमध्ये इनपुटचा टू-फोरचा स्विच असतो, तो फोरवर आणि आरसीए फक्त पुढच्या जोडीत, मग मागचे दोन चॅनल कसे वाजतील. बेसचा नॉब जिथे वायरने डॅशबोर्डवर आणलेला असतो त्याची केबल निसटली आहे का तेही बघा.

तरी नाही, तर रस्ता मधोमध कापायचा. बंद करा, अ‍ॅम्पमधून स्टीरिओची आरसीए काढा, त्या जागी मोबाईलची केबल घाला, गेन (अ‍ॅम्पवरचा इनपुटचा नॉब) अगदी कमी ठेवा, चालू करून मोबाईलचा आवाज हळूहळू वाढवा. वाजलं तर अ‍ॅम्प आणि स्पीकर दोन्ही ठीक, भानगड स्टीरिओ किंवा आरसीए केबलमध्ये. नाही वाजलं तर अ‍ॅम्प किंवा स्पीकर. या एका टेस्टने निम्मी गाडी बाजूला पडते, म्हणून ती आधी करा.

स्पीकर तपासायला वायरी अ‍ॅम्पमधून सुट्या करून १.५ व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवा. टप् असा आवाज येईल आणि कोन (स्पीकरचा पुढचा पडदा) पुढे किंवा मागे हलेल. प्लस प्लसला असेल आणि कोन बाहेर येत असेल तर पोलॅरिटीही बरोबर. आवाज नाही आणि मीटरवर ओहम नाही, तर कॉइल गेली किंवा वायर तुटली, स्पीकरच्या टर्मिनलवरच सेल लावून बघा म्हणजे दोघांतलं कोण ते कळेल.

स्टीरिओकडे संशय असेल तर ५० किंवा ६० हर्ट्झचा टोन पेनड्राइव्हवर टाकून वाजवा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून आरसीएच्या मधल्या पिनेवर आणि बाहेरच्या कड्यावर मोजा. आवाज वाढवत गेल्यावर आकडा वाढला पाहिजे, बऱ्यापैकी आवाजात अर्धा-एक व्होल्ट किंवा जास्त. स्टीरिओच्या मागे येतोय पण केबलच्या टोकाला नाही, तर केबल बदला, सीटच्या रुळाखाली चिरडलेली असते. मागेच नाही, तर आता एक महत्त्वाची गोष्ट.

अनेक स्टीरिओत आरसीएच्या बाहेरच्या कड्याची ग्राउंड लाइन आत एका अगदी बारीक फ्यूजमधून किंवा पातळ ट्रॅकमधून जाते. अ‍ॅम्पचा जाड ग्राउंड सुटला की अ‍ॅम्प आपला करंट परत पाठवायला दुसरा रस्ता शोधतो, आणि तो रस्ता म्हणजे आरसीएचं शील्ड. तो बारीक फ्यूज त्याला पुरा पडत नाही, जळतो. चालू अ‍ॅम्पमध्ये आरसीए काढ-घाल केल्यानेही हेच होतं. मग आवाज एकदम क्षीण होतो, किंवा इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते, किंवा काहीच नाही. तपासायला आरसीए अ‍ॅम्पकडून काढून मीटर बीपवर (जोडणी असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, एक टोक आरसीएच्या कड्याला आणि दुसरं स्टीरिओच्या लोखंडी बॉडीला, बहुतेक स्टीरिओत बीप यायला हवा. नाही आला तर पक्कं करायला तात्पुरती एक वायर कड्यापासून स्टीरिओच्या बॉडीला टेकवून बघा, आवाज परत आला तर तेच. नीट दुरुस्ती म्हणजे चांगल्या रिपेअरवाल्याकडून तो फ्यूज बदलून घेणं. पण त्याआधी अ‍ॅम्पचा ग्राउंड पक्का करा, नाहीतर नवा फ्यूजही जाईल. ग्राउंडबद्दल मी एवढं का बोललो ते इथे कळेल.

आरसीएवर सिग्नल आहे, सेटिंग बरोबर आहेत, आणि अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर एसी व्होल्ट येतच नाहीत, तेव्हाच म्हणा अ‍ॅम्प आतून गेला. त्याच टर्मिनलवर डीसीपण मोजा, स्पीकर न जोडता. काही मिलिव्होल्ट चालतात, पण कित्येक व्होल्ट डीसी दिसत असेल तर स्पीकर अजिबात जोडू नका, कॉइल जळेल.

पाणी गेलं असेल तर

पुढच्या डाव्या सीटखाली अ‍ॅम्प असेल आणि तिथलं कार्पेट ओलं लागत असेल तर ते पावसाचंच पाणी असतं असं नाही, एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली की ते त्याच बाजूला केबिनमध्ये गळतं. ओला अ‍ॅम्प चालू करून बघायचाच नाही. मायनस काढा, अ‍ॅम्प सोडवा, खालची पत्र्याची पट्टी उघडा, पांढरट हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवा, दोन दिवस कोरड्या हवेत ठेवा आणि मगच लावा. एसीची नळी साफ केल्याशिवाय परत तिथे बसवू नका.

दुरुस्तीला नेताना

वायरी सुट्या करून अ‍ॅम्पच्या प्लस आणि ग्राउंड टर्मिनलमध्ये मीटर बीपवर लावा, दोन्ही दिशांनी सतत बीप येत असेल, किंवा रिमोट न देताही फ्यूज घातल्या घातल्या उडत असेल, तर आतले पॉवर सप्लायचे मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) किंवा उलट पोलॅरिटीचा डायोड शॉर्ट आहे. रिमोट दिल्यावरच उडत असेल तर बहुतेक आउटपुटकडचे. हे कागदावर लिहून न्या, काय काय तपासलं आणि काय आकडे आले तेही, म्हणजे कारागिराचा वेळ वाचतो आणि तुम्हाला कोणी उगाच बोर्ड बदलायला लावत नाही. पार्ट दुर्मिळ नसतात, आयआरएफझेड-४४ किंवा आयआरएफ-३२०५ सारखे मॉसफेट आणि टीएल-४९४ सारखी आयसी मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळतात. फक्त एकच मॉसफेट गेलेला दिसला तरी त्या रांगेतले सगळे एकाच लॉटचे बदलून घ्या आणि गेटचे रेझिस्टर तपासायला सांगा, एकटा नवा टाकला तर तो जुन्यांबरोबर नीट वाटून काम करत नाही आणि परत उडतो.

सगळं जोडून आवाज आला की लगेच ट्रिम लावून टाकू नका. अर्धा तास बऱ्यापैकी आवाजात वाजवा, मग गाणं बंद करून ग्राउंडच्या बोल्टला, बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरला आणि अ‍ॅम्पच्या दोन्ही जाड टर्मिनलना बोट लावा. यातलं एखादं बाकीच्यांपेक्षा गरम लागत असेल तर तो जोड अजून ढिला आहे, मायनस काढून परत आवळा आणि महिन्याभराने सगळे स्क्रू पुन्हा एकदा तपासा, कारण तांब्याचे तार दाबले जाऊन बसतात आणि पहिल्या महिन्यात स्क्रू ढिले होतातच.